टीलच्या मोसमात चंद्राचा हिशेब कसा मांडावा

अमेरिकेत सप्टेंबरमध्ये, बदकांच्या मुख्य मोसमाआधी, टील या चिमुकल्या बदकाच्या शिकारीचा छोटा मोसम असतो. त्या दिवसांत पाणथळीवर एक वाक्य हमखास कानी पडतं: पौर्णिमा आली, आता बदकं उतरणार. मला विचाराल तर बदकं यायला चंद्र लागत नाही. आल्यावर ती चरायला कधी उठतात, यात मात्र त्याचा हात असतो. म्हणून सुट्टी वारा बघून काढायची आणि गजर चंद्र बघून लावायचा.

१. आधी वारा. निळ्या पंखांची टील थंडीची वाट बघत नाही. दिवस लहान होऊ लागला की निघते, ती मेक्सिको ओलांडून पार दक्षिण अमेरिकेपर्यंत जाते. प्रवास बहुतेक रात्रीचा, पण नेमकी रात्र हवा ठरवते. थंड हवेची लाट सरकली, आभाळ निवळलं आणि उत्तरेचा वारा सुटला की थवे उठतात, मग रात्र अमावस्येची का असेना. कॉर्नेल पक्षी प्रयोगशाळेच्या 'बर्डकास्ट'वर रडारने टिपलेलं रात्रीचं स्थलांतर दिसतं. त्यात बदकं वेगळी कळत नाहीत, पण कोणत्या रात्री आभाळात वर्दळ होती ते समजतं.

२. मग चंद्र. पौर्णिमेला तो दिवस मावळताना उगवतो आणि उजाडताना मावळतो. रात्रभर उजेड असल्याने बदकं रात्रीच चरून घेतात आणि पहाटे सुस्त बसून राहतात, असा शिकाऱ्यांचा अनुभव. अशा दिवशी पहिला अर्धा तास कोरडा गेला म्हणून आमिषाला पाण्यात सोडलेली नकली बदकं गोळा करू नका, नऊ-दहापर्यंत बसा. अमावस्येला उलट, झुंजुमुंजू होतानाच जागेवर हवं. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणून तीही पहाट मी सोडत नाही. वद्य अष्टमीचा पहाटे आभाळात चांगला वर असतो. अर्थात ढग आले की हा सगळा हिशेब फिसकटतो.

३. शिकारीचा परवाना हवा, आणि वय १६ किंवा जास्त असेल तर फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे पाणबदकांच्या शिकारीसाठी केंद्र सरकारचं तिकीट. शिशाचे छरे पाणबदकांसाठी १९९१ पासून देशभर बंद आहेत. बंदूक चालवण्याची वेळ राज्यागणिक बदलते, ती आदल्या रात्रीच बघून ठेवा.

४. ओळख. अवघड भाग हाच. या मोसमात बहुतेक ठिकाणी फक्त टील मारायला परवानगी असते, आणि सप्टेंबरात नरही मादीसारखेच तपकिरी दिसतात. पंखाच्या पुढच्या भागावरचा फिका निळा पट्टा बघून बोट चापाकडे जातं, पण तसाच पट्टा शोव्हलर या दुसऱ्या बदकालाही असतो. शोव्हलर मोठं, चोच पळीसारखी रुंद. टील लहान, थवा घट्ट, लव्हाळ्यावरून खाली घुसतो आणि एकदम वळतो. धूसर उजेडात रंग दिसतच नाही, म्हणून पूर्वेला पाठ करून बसा. सूर्य वर आला की समोरच्या थव्यावर ऊन पडतं आणि चोच स्पष्ट दिसते. तोवर बंदूक मांडीवरच राहू द्या.