आवाज सुधारण्याचे अघोरी उपाय : या चुका टाळा

हाय-फायच्या नादाला लागलेला माणूस सुरुवातीला एक तरी अघोरी उपाय करतोच. कोणी सीडी फ्रीजमध्ये ठेवतो, कोणी स्पीकरच्या वायरी लाकडी ठोकळ्यांवर उचलून धरतो, कोणी रेकॉर्डवर गोंद ओततो. यातले काही उपाय निरुपद्रवी आहेत, एखादा खरोखर उपयोगी आहे, काही रेकॉर्ड कायमची घालवतात आणि एक-दोन जिवावर बेततात. म्हणून काहीही करण्याआधी एवढंच बघा: हे पाच मिनिटांत पूर्ववत करता येईल का? येणार असेल तर खुशाल करून बघा. नसेल तर आधी हे वाचा.

अर्थची पिन काढणं

ही चूक सगळ्यात घातक, आणि घाईतल्या नवशिक्यांची सगळ्यात आवडती. बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. ॲम्प्लिफायर आणला, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडला आणि स्पीकरमधून बारीक घूं सुरू झालं. कोणीतरी सांगतं, 'अर्थ काढून टाक, हमिंग जाईल.' थ्री-पिनची जाड पिन काढली जाते किंवा मध्ये टू-पिन ॲडॉप्टर येतो. हमिंग खरंच जातं, आणि उपाय बरोबर होता अशी खात्री पटते.

आता त्या ॲम्पची धातूची पेटी कशालाच बांधलेली नाही. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी सुटलं, तर पेटीवर २३० व्होल्ट येतील. अर्थ शाबूत असती, तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता किंवा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) पडला असता. अर्थ नसेल तर काहीच पडत नाही; पेटी तशीच वाट बघत राहते. आणि प्रश्न एकट्या ॲम्पचा नाही. ऑडिओ केबलची बाहेरची जाळी सगळ्या यंत्रांच्या पेट्या एकमेकींना जोडते, म्हणजे टर्नटेबलच्या टोनआर्मलाही (सुई धरणाऱ्या दांड्यालाही) तोच करंट. जुन्या घरांत सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून 'अर्थिंग करून दिलेलं' असतं. ते तर आणखी वाईट, कारण न्यूट्रल कुठेही तुटली की पेटी थेट जिवंत.

हमिंगचं मूळ बहुतेक वेळा ग्राउंड लूप असतं: दोन यंत्रं दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेली आणि त्या वेटोळ्यातून फिरणारा करंट. ते शोधायला अर्धा तास पुरतो.

आधी ॲम्पच्या सगळ्या इनपुट केबल काढा. तरीही घूं येत असेल, तर लूप नाही. दोष ॲम्पच्या पॉवर सप्लायमध्ये आहे आणि हा आवाज सहसा १०० हर्ट्झचा, जरा कर्कश असतो. जुन्या ॲम्पमध्ये वीज सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर सुकलेले निघतात. केबल काढल्यावर शांत झालं, तर एकेक यंत्र परत लावा. माझा पहिला संशय नेहमी केबल टीव्हीच्या किंवा डिशच्या जाड कोॲक्स केबलवर असतो. ती सेट-टॉप बॉक्समधून उपटा. हमिंग थांबलं तर चोर सापडला. केबल टीव्ही असेल, तर कोॲक्समध्ये आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन जमिनीची वाट तोडणारा जोड) बसवा. डिशला मात्र तो चालणार नाही, कारण छपरावरच्या एलएनबीला (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज त्याच केबलमधून जाते आणि आयसोलेटर ती अडवतो. तिथे ऑडिओच्या बाजूला १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला किंवा ऑप्टिकल केबल वापरा. त्यात तांबंच नसल्यामुळे लूप तयार होत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. टर्नटेबलची बारीक मोकळी वायर ॲम्पच्या मागच्या 'ग्राउंड' स्क्रूला घट्ट केली आहे ना, तेही बघा. आणि सगळी यंत्रं भिंतीतल्या एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या बोर्डवर घ्या. एवढ्यानेच पुष्कळदा काम होतं.

टोनआर्मवर नाणं

रेकॉर्ड उडी मारते, म्हणून सुईच्या वर रुपया ठेवायचा. ही सवय जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) सूटकेस-प्लेअरवरून आली. ती कार्ट्रिजं पाच-सहा ग्रॅमच्या भारावर चालायची. आजची साधी मॅग्नेटिक कार्ट्रिज बहुधा १.५ ते २ ग्रॅमवर चालते आणि सध्या चलनातलं रुपयाचं कुठलंही नाणं तीन ग्रॅमहून जड आहे. म्हणजे भार दुपटीच्याही पुढे गेला. सुईची दांडी आत दबते, कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला घासतं आणि खाचेच्या भिंती चेपतात. चेपलेली खाच पुन्हा सरळ होत नाही.

उडीचं कारण शोधा: खाचेतली घाण, एका बाजूला कललेलं टेबल, झिजलेली सुई, चुकलेलं अँटी-स्केट (टोनआर्म आत ओढला जाऊ नये म्हणून केलेली सोय). मग भार नीट लावा. अँटी-स्केट शून्यावर ठेवा, मागचं वजन फिरवून टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असं करा, तिथे आकड्यांची रिंग शून्यावर आणा आणि मग कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेला भार द्या. शेवटी अँटी-स्केट तेवढ्याच आकड्यावर. काही शे रुपयांत डिजिटल काटा मिळतो, तो घ्याच. मी बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे राहते, म्हणजे १.८ ते २.२ असेल तर २.१. भार कमी पडला की सुई खाचेत डळमळते आणि भिंतींवर आपटते. हलक्या भाराने रेकॉर्ड वाचते हा समज चुकीचा आहे.

स्पिरिट, फेव्हिकॉल आणि लाखेच्या तबकड्या

नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्या घरात असतील, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: त्यांना स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल लावायचं नाही. भारतात या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या आणि त्या लाखेच्या, म्हणजे चपड्याच्या आहेत. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतात. तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवलात, की गाणंच विरघळून बोळ्यावर येतं. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं, आणि लगेच पुसून वाळवणं, एवढंच. या तबकड्यांना एलपीची सुईही लावू नका. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉनचं, तर ७८ला ६५ ते ७५ मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी कचऱ्यात घासत जाते, म्हणून खरखर जास्त आणि गाणं कमी.

पांढऱ्या गोंदाने रेकॉर्ड साफ करण्याचा उपाय ऐकायला वेडगळ वाटतो, पण व्हिनाइलवर तो चालतो. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा गोंद वाळताना खाचेतली धूळ पकडतो आणि पापुद्र्यासकट वर येतो. बिघडतं ते घाईमुळे. थर पातळ दिला, की सोलताना फाटतो आणि तुकडे खाचेत राहतात. रेकॉर्ड ३३च्या गतीने फिरवत ठेवून सव्वा-दीड मिलिमीटरचा सलग थर द्या. तो लेबलच्या आणि बाहेरच्या कडेच्या किंचित आत थांबवा. कडेला पातळ कापडाची एक पट्टी गोंदातच बुडवून ठेवा. सोलताना पकड तिथूनच मिळते. मग रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात रात्र पुरत नाही. पांढरेपणा पूर्ण जाऊन थर पारदर्शक झाला, की मगच हात लावा. हेअर ड्रायर नको, व्हिनाइल वाकतं. सोलताना एकाच वेगाने, खाचेच्या दिशेने ओढा. तुकडे राहिलेच तर नखाने खरवडू नका; त्यावर पुन्हा जाड थर द्या, तो जुन्याला घेऊन निघतो. जलरोधक म्हणून विकले जाणारे गोंद टाळा आणि पहिला प्रयोग बाद रेकॉर्डवरच करा. लाखेच्या तबकडीवर हा उपाय अजिबात नाही.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे

खोली घुमते, म्हणून भिंतभर अंड्यांचे ट्रे किंवा थर्माकोल. यातून आवाजात काय बदलतं? वरच्या पट्टीत थोडा फरक पडतो, खालच्या पट्टीत काहीच नाही. ट्रेचा पुठ्ठा पातळ आणि त्यामागे हवा. थर्माकोलची छिद्रं बंद असतात, त्यातून हवा जातच नाही, मग आवाज शोषला जाईल कसा? शिवाय दोन्ही झटकन पेटतात, आणि ट्रेमध्ये झुरळं वस्ती करतात.

घुमण्याचं खरं कारण खोलीच्या मापात असतं. आपल्याकडची नेहमीची १० बाय १०ची खोली घ्या. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, आणि या अंतराचा पहिला अनुनाद, म्हणजे ज्या सुराला खोली आपोआप घुमते तो, ५६ हर्ट्झला येतो. लांबी-रुंदी सारखीच, म्हणून दोन्ही अनुनाद एकाच जागी चढतात. डग्ग्याची एखादी थाप खोलीभर लोळते आणि तिच्या शेजारची ऐकूच येत नाही, ते यामुळे. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटरहून लांब आहे. दोन इंचांचा पुठ्ठा तिला अडवू शकत नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे: खुर्ची हलवा. भिंतीला टेकून बसलात तर ही पट्टी फुगलेली ऐकू येते, खोलीच्या बरोबर मध्यात बसलात तर गायब होते. मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांच्या आसपास सुरुवात करा आणि सहा-सहा इंच पुढेमागे सरका. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे घ्या, कोपऱ्यातून तर काढाच. दिवसभर स्पीकर सरकवत बसायचा कंटाळा आणि पाच हजारांची केबल मात्र लगेच. ही प्रवृत्ती बघून वाईट वाटतं.

त्यानंतर रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर). ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे दोन इंची स्लॅब, दोन-दोन एकत्र करून चार इंची करा, मांजरपाटात गुंडाळा आणि कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत उभे करा. कापताना हातमोजे आणि मास्क हवेतच. बाजूच्या भिंतीवरची जागा आरशाने शोधा: एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने ट्वीटरच्या (वरचे सूर देणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) उंचीवर आरसा भिंतीवरून सरकवायचा, स्पीकर दिसला, तिथे पॅनल. पैसे नसतील तर त्या जागी जाड गोधडी भिंतीपासून दोन इंच सोडून टांगा. ट्रेपेक्षा कितीतरी बरी. फक्त पावसाळ्यात ओलीच्या भिंतीवर बुरशी धरते, तेवढं बघत राहा.

बाकीच्या, थोडक्यात

ट्वीटरवर टिश्यू पेपर: १९७८ साली आलेल्या यामाहा एनएस-१०एम स्पीकरवर स्टुडिओतले लोक तो लावत, कारण त्याचा वरचा सूर टोचायचा. टिश्यू सूर एकसारखा कमी करत नाही, कुठे जास्त कापतो कुठे कमी. ८ ओहमच्या ट्वीटरला, क्रॉसओव्हरच्या (सूर वाटून देणाऱ्या सर्किटच्या) पुढे, १.५ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि ट्वीटरला समांतर ३३ ओहम (दोन्ही १० वॅट) लावा, साधारण १.८ डेसिबल उतरतात आणि क्रॉसओव्हरला भार जवळपास तेवढाच दिसतो.

फिल्टर कपॅसिटर मोठे करणं: ४७०० मायक्रोफॅरडच्या जागी २२,००० टाकले, की स्विच दाबताच चार्जिंगच्या झटक्याने फ्यूज किंवा ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) जातो. मूळ आकड्याच्या दीडपटीपुढे जाऊ नका. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअस सोसणारा माल.

फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद: कधीच नाही.

व्हॉल्यूमच्या खरखरीवर गंज काढायचा स्प्रे: पुन्हा खरखर येते आणि धूळ चिकटते. पोटेन्शिओमीटरसाठी बनवलेला कॉन्टॅक्ट क्लीनर, सेट बंद करून, थोडासा. मग नॉब वीसेक वेळा फिरवा.

महागडी स्पीकर वायर: घरच्या वायरिंगची तांब्याची २.५ चौरस मि.मी. वायर पाच मीटरला जाऊन-येऊन जेमतेम ०.०८ ओहम भरते. ८ ओहमच्या स्पीकरवर तो ०.१ डेसिबलच्याही आतला फरक.

सीडीच्या कडेला हिरवा मार्कर: सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त. शाईचा हिरवेपणा त्याच्या कामाचा नाही. लेबलच्या बाजूला मात्र मार्कर चालवू नका, खालचा लाखेसारखा थर फार पातळ असतो.

फरक ऐकू आला म्हणजे

आवाज किंचित मोठा झाला, तरी तो 'चांगला' वाटतो. म्हणून तुलनेआधी पातळी जुळवा: १००० हर्ट्झचा सूर वाजवा, मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर १ व्होल्ट आणा, बदल केल्यावर पुन्हा तेवढाच आणा. दोघांत एक टक्क्याहून जास्त फरक नको. मग घरातल्या कोणाला तरी खोलीबाहेरून केबल बदलायला सांगा. दर वेळी नाणेफेक करून ठरवायचं आणि वहीत लिहायचं. तुम्ही फक्त 'पहिली' की 'दुसरी' सांगायचं. तुकडा छोटा घ्या, तंबोऱ्याची जवारी उत्तम. सोळा वेळांत बारा किंवा जास्त बरोबर आले, तर फरक मानायला जागा आहे. निव्वळ अंदाजाने तेवढे बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. आठ-नऊ बरोबर आले तर ती वस्तू दुकानदाराला परत करा, आणि त्या पैशांत नवी सुई घ्या.