विंडोज 11 टाकल्यावर नवा पीसी नीट चालत नसेल तर आधी हे करून बघा

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे पीसी नवा असला तरी दुकानदाराने आत 10 च टाकून दिलं असेल तर 11 वर जाणं भागच आहे. भावाचा पीसी असाच, असेंबल करून आणून तीन आठवडे पण झाले नव्हते, रात्री अपग्रेडला लावून झोपलो आणि सकाळी बघतो तर इंटरनेट नाही, आवाज नाही, शटडाऊन केला तरी आतला पंखा फिरतोच आहे. दुकानात फोन केला तर म्हणे घेऊन या, फॉरमॅट मारून देतो.

कृपा करून लगेच फॉरमॅट मारू नका. अपग्रेडनंतर 10 दिवस तुमची जुनी विंडोज सी ड्राईव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये पडून असते. ते फोल्डर बरेच जीबी खातं म्हणून लोक पहिल्याच दिवशी डिस्क क्लीनअप मारतात आणि परतीची वाट स्वतःच बंद करून बसतात, तेवढं टाळा.

सगळ्यात आधी इंटरनेट, कारण बाकीचे ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला पीसीचा एकेक भाग चालवता यावा म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअर) आणायचे तर तेच लागणार. लॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या वायरच्या पोर्टचा ड्रायव्हर उडाला असेल तर अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने पीसीला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने पीसीला देणं) चालू करा, बहुतेक वेळा वेगळं काही न टाकता नेट येतं. मग स्टार्टवर राईट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, ज्याच्यापुढे पिवळा त्रिकोण दिसेल तिथे ड्रायव्हर नाही किंवा नीट चालत नाही. ड्रायव्हर मदरबोर्डच्या कंपनीच्या साईटवरूनच घ्या, मॉडेलचं नाव बोर्डवर आणि खोक्यावर छापलेलं असतं. ते फुकटचे ड्रायव्हर अपडेटर मात्र अजिबात नकोत, त्यातून नको ते सॉफ्टवेअर आत शिरतं.

आवाजाचं तर मला वाटलं साऊंड कार्डच गेलं, अर्धा तास ड्रायव्हर काढ-घाल केली. शेवटी कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केलं, आवाजाच्या पट्टीशेजारच्या छोट्या बटणावर दाबलं तर यादीत मॉनिटरचं नाव निवडलेलं, म्हणजे आवाज एचडीएमआय केबलने मॉनिटरकडे चाललेला आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! खालचं स्पीकर्स निवडलं आणि लगेच आवाज आला.

पंख्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअपची टिक काढली. ती टिक असली की शटडाऊन पूर्ण होतच नाही, अर्धी विंडोज डिस्कवर झोपवून ठेवलेली असते, आमच्याकडे तेवढ्याने काम झालं. स्क्रीन काळी पडून नुसता माऊसचा बाण दिसत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डलाच लावलीय ना, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही ना, तेही एकदा मागे वाकून बघा.

मराठी टाईप करताना अक्षरं भलतीच उमटायला लागली तर कीबोर्ड बदलला गेलाय, विंडोज आणि स्पेस दाबून आपला परत निवडा. यादीत फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाईप करून मराठी लिहायचा कीबोर्ड) नसेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये मराठीच्या ऑप्शन्समधून जोडता येतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दरवेळी रीस्टार्ट करा, नाहीतर कशाने सुटलं तेच कळत नाही. आठव्या दिवसापर्यंत काहीच जमलं नाही तर महत्त्वाच्या फाईल्स पेन ड्राईव्हवर घेऊन सेटिंग्स, सिस्टीम, रिकव्हरी इथून गो बॅक करा. फाईल्स तशा राहतात पण अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात, ती परत टाकावी लागतील.