ऑटोमेशनच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस आडवा येतो तेव्हा काय करावं?

आमच्या गच्चीवरच्या टाकीचा पंप एक छोटा विंडोज कॉम्प्युटर चालवतो. अंगणातले दिवे आणि फाटकावरचा कॅमेराही त्याच्याकडेच. एका पहाटे साडेपाचला पंप ठरल्याप्रमाणे सुरू झाला, पण बंद होईना. जिन्यावरून पाणी उतरायला लागलं तेव्हा आईने हाक मारली. कॉम्प्युटर बघितला तर व्यवस्थित चालू. फक्त टाकीची पातळी वाचणारा प्रोग्रॅम फोल्डरमधून गायब. रात्री अँटिव्हायरस अपडेट झाला होता आणि कालपर्यंत चालवून घेतलेली फाइल त्याने क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडून ठेवण्याच्या जागेत, टाकली होती.

असं का होतं? हौशी मंडळींनी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर बहुधा डिजिटल सही, म्हणजे तो कोणी बनवला याची खूण, नसते. कॉम्प्युटर सुरू होताच ते आपोआप चालू होतात, नेटवर्कवर पोर्ट (जोडणीची दारं) उघडून बसतात, दुसऱ्या प्रोग्रॅमला हुकूम सोडतात. घातक प्रोग्रॅमही नेमकं हेच करतात. पायथॉन भाषेतल्या प्रोग्रॅमपासून बनवलेल्या एक्झी (थेट चालणाऱ्या) फाइलींवर तर हा संशय वारंवार येतो.

अशा वेळी अँटिव्हायरस काढूनच टाकावा, असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. हा कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो, कॅमेरा आणि कुलपं त्याच्या हातात असतात. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रॅमने) घरोघरचे कॅमेरे आणि राउटर मूळचे पासवर्ड वापरून ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतल्या डाइन (Dyn) या इंटरनेट-सेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला. अशी उपकरणं ज्या नेटवर्कवर असतात, तिथला कॉम्प्युटर उघडा ठेवू नये.

आधी वेळ जुळवा. बिघाड नेमका किती वाजता झाला ते लिहून ठेवा. पुढच्या पायऱ्या विंडोजमधल्या डिफेंडरच्या आहेत. दुसरा अँटिव्हायरस असेल तर हेच पर्याय त्याच्या सेटिंगमध्ये शोधा. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा आणि ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. तिथे काही दिसलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज डिफेंडरचा ‘ऑपरेशनल’ लॉग उघडा. तिथल्या नोंदींचे क्रमांक बघा: १११६ म्हणजे काहीतरी सापडलं, १११७ म्हणजे त्यावर कारवाई झाली, ११२३ म्हणजे संरक्षित फोल्डरमध्ये लिहायला मज्जाव केला. आमच्या लॉगमध्ये १११७ ची नोंद रात्री दोन वाजून दहा मिनिटांची होती. पंपाचा दोष नाही हे तिथेच कळलं.

फाइल जागेवर आहे, पण सगळं रेंगाळतंय, असंही होतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ किती प्रोसेसर खातोय ते बघा. खात्री करायला ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ दहा मिनिटं बंद ठेवून फरक पडतो का पाहा. थोड्या वेळाने ते आपोआप चालू होतं, तरी स्वतः चालू करूनच उठा.

फाइल परत आणण्याआधी तपासा. ही पायरी कंटाळा करून सोडू नका, अँटिव्हायरस बरोबरही असू शकतो. प्रोग्रॅम त्याच्या मूळ साइटवरून पुन्हा उतरवा आणि व्हायरसटोटलवर टाका. तिथे अनेक कंपन्यांची इंजिनं तीच फाइल तपासतात. एकदोघांनीच बोट दाखवलं तर बहुधा खोटा इशारा असतो. बरीच इंजिनं एकच गोष्ट सांगत असतील तर ती फाइल सोडून द्या. मात्र पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल तिथे कधीही चढवू नका, तिथल्या फाइली इतरांनाही बघता येतात.

मग सूट द्या, पण मोजकीच. ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये खाली ‘एक्सक्लूजन्स’ आहे. तिथे फाइल, फोल्डर, फाइल टाइप आणि प्रोसेस असे चार पर्याय मिळतात. घोळ होतो तो ‘प्रोसेस’मध्ये: तो प्रोग्रॅम ज्या फाइली उघडतो त्यांना सूट मिळते, खुद्द प्रोग्रॅमच्या फाइलीला नाही. म्हणून एक्झी गायब होत असेल तर त्या ‘फाइल’लाच सूट द्या. डेटाबेस सतत लिहिला जात असल्याने मशीन मंदावत असेल तर ‘प्रोसेस’ उपयोगी पडतो, आणि तिथे पूर्ण पाथ (फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता) द्या, नुसतं नाव नको. होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारा प्रोग्रॅम) व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, चालवत असाल तर त्या मशीनची डिस्क-फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तेवढाच फोल्डर वगळा. अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स वगळणं म्हणजे दाराची कडी काढून ठेवणं.

फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणारा पहारेकरी, बघा. प्रोग्रॅम चालतोय, पण मोबाइलवरून काहीच हलत नाही, तेव्हा घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं आहे का बघा. ते ‘प्रायव्हेट’ करा. तरीही जमलं नाही तर फक्त प्रायव्हेट नेटवर्कसाठी लागतील तेवढेच पोर्ट उघडा: उपकरणांचे निरोप पोचवणाऱ्या मॉस्किटोला १८८३, होम असिस्टंटला ८१२३, उपकरणांची कामं जोडून देणाऱ्या नोड-रेडला १८८० हे त्यांचे ठरलेले आकडे. राउटरवर मात्र यातलं काही बाहेरच्या जगासाठी उघडू नका.

पूर्ण स्कॅनची वेळ टास्क शेड्यूलरमधून दुपारची ठेवा, पहाटे पंपाच्या वेळेला नको. आणि या मशीनवर ब्राउझिंग, मेल, पोरांचे गेम, काहीच नको.

सगळं झाल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, प्रत्येक प्रोग्रॅम आपोआप उठला का बघा, आणि दुसऱ्या दिवशी स्कॅन होऊन गेल्यावर परत बघा. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली की हीच तपासणी पुन्हा करा, कारण अँटिव्हायरसच्या दृष्टीने ती नवीच फाइल असते.

आमच्या टाकीत आता इलेक्ट्रिशियनकडून फ्लोट स्विचही बसवून घेतलाय. टाकी काठोकाठ भरली की तो पंपाचा पुरवठा परस्पर तोडतो, मग कॉम्प्युटर चालू असो वा बंद.