जुनी पुस्तकं वाचून मराठी शब्द कसे जमवले, माझा अनुभव (गोव्यातल्या मुलांसाठी खास)

पाच वर्षांपूर्वी एका मराठी पेपरच्या डेस्कवर ट्रेनी म्हणून लागले तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात मी एका बातमीत लिहिलं होतं, "या रस्त्याचं काम पावसाळ्याआधी पूर्ण होण्याची सुतराम शक्यता आहे." आमच्या सरांनी ती प्रिंट माझ्यासमोर ठेवली, 'सुतराम'खाली लाल रेघ मारली आणि एवढंच विचारलं, हा शब्द तू कुठे वाचलास? मला उत्तर देता आलं नाही, कारण तो मी कुठे वाचलाच नव्हता, स्पर्धा परीक्षेच्या एका गाइडमधल्या यादीतून पाठ केला होता. यादीत सुतरामसमोर 'अजिबात, पूर्णपणे' असं काहीतरी होतं. हा शब्द 'नाही'शिवाय येतच नाही, 'सुतराम शक्यता नाही', 'सुतराम संबंध नाही' असाच येतो, हे यादीत कुठेच नव्हतं.

त्या दिवसापासून मी याद्या बंद केल्या. आता गोवा युनिव्हर्सिटीत एम.ए. मराठी करणारी, भाषांतराची कामं घेणारी, डेस्कवर नवीन लागलेली मुलं मला विचारतात की तुझे शब्द कसे वाढले, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी माझं बॅकग्राउंड. मी फोंड्याकडची. घरात कोंकणी, देवळात आरती-कीर्तन मराठीत, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्लिश मीडियम. गोव्यात माझ्यासारखी हजारो मुलं आहेत. मराठी सगळी समजते, बोलताही येते, पण लिहायला बसलं की चौथीतल्या मुलीचे शब्द आणि इंग्लिशमधली वाक्यरचना असं काहीतरी बाहेर पडतं. माझ्या एका बातमीत 'महत्त्वाचं' सहा वेळा आलं होतं, मी मोजलं. मोलाचं, कळीचं, निकडीचं, अगत्याचं हे शब्द मला कुणी बोलताना समजले असते, पण माझ्या हाताला ते लागत नव्हते. समजणारे शब्द आणि हाताला लागणारे शब्द यांच्यात केवढं अंतर आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि पुढची सगळी मेहनत ते अंतर कमी करण्याचीच आहे.

सर म्हणाले जुनं वाच. मी लगेच पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत गेले (१८३२ ची संस्था आहे ही, मराठी पुस्तकांचा साठा बघून डोळे भरतात, मेंबर झाला नसाल तर आधी व्हा) आणि थेट ज्ञानेश्वरी घेऊन आले. चुकलं. बारा-पंधरा ओव्यांत अडकले आणि दीड महिना पुस्तकाला हात लावला नाही. म्हणून नवीन मुलांना मी हात जोडून सांगते, तिथून सुरुवात करू नका. ती वाट आपल्यासाठी पुढे फार सोपी होते, कशी ते खाली सांगते, पण आधी कान तयार व्हायला हवा.

मी दुसऱ्यांदा सुरुवात केली ती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रापासून. पहिला भाग १९३४ चा. बाई शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या, त्यामुळे भाषा पुस्तकी अजिबात नाही, समोर बसून बोलल्यासारखी आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या घरात लोक कसे रागवायचे, समजूत कशी काढायचे, वडिलांच्या सोवळ्यापायी घरच्यांचे काय हाल व्हायचे, सगळं त्या बोलण्यात येतं. कठीण शब्द शिकायचे म्हणजे संस्कृत शब्द शिकायचे हा माझा समज या पुस्तकाने पुसला. भिडस्त, कानकोंडं, आतबट्ट्याचं, हातघाईवर येणं असले शब्द बघा, प्रत्येकाच्या आत एक अख्खा प्रसंग असतो, आणि ते नसले की आपण 'ऑकवर्ड वाटलं' लिहून मोकळे होतो.

त्यानंतर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. ही १८९० च्या दशकातली, यमू नावाची मुलगी स्वतःच सगळं सांगते. वाक्यं लांब आहेत पण तुटत नाहीत, आणि लांब वाक्य मराठीत कसं तोलून धरायचं हे मला इथे कळलं. इंग्लिशसारखं 'जो की', 'ज्यामुळे की' करत न बसता, करून, जाऊन, बसून, म्हणता म्हणता असं एकामागून एक ओवत जायचं. शब्दांइतकाच हा फायदा मोठा आहे.

आता वाचायचं कसं ते. मी फोंडा-पणजी बसमध्ये वाचायचे, बाणस्तारी, ओल्ड गोवा, रायबंदर करत तासभर तरी मिळतोच. बसमध्ये डिक्शनरी नाही, फक्त पेन्सिल. अडलेल्या शब्दावर एक टिंब. थांबायचं नाही. तोच शब्द दुसऱ्यांदा आला की दुसरं टिंब, आणि तिसऱ्यांदा आला तरच रात्री घरी अर्थ बघायचा. (लायब्ररीच्या पुस्तकावर टिंबं करू नका प्लीज, बुकमार्कच्या कागदावर पान नंबर लिहा, मी तेच करायचे.) का, तर तीन ठिकाणी भेटलेल्या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा तुम्हाला आधीच कळलेला असतो, कोश फक्त तो पक्का करतो. पहिल्याच भेटीत अर्थ बघितला की तो लक्षात राहत नाही, माझ्या तरी राहिला नाही.

कोश कुठला? इंग्लिश मीडियमवाल्यांना मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश सांगते. दुसरी आवृत्ती १८५७ ची, ६०,००० च्या आसपास शब्द, आणि ऑनलाइन फुकट शोधता येते. अर्थ इंग्लिशमध्ये असल्याने आपल्याला पटकन पोचतो आणि शब्द कवितेतलाच असेल किंवा हलका असेल तर तसंही सांगतो. मग हळूहळू दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाकडे या, जुन्या ग्रंथांतली उदाहरणं तिथे मिळतात. इंग्लिश अर्थावर कायमचं थांबू नका, कारण मग मराठी शब्द इंग्लिशचा नोकर होऊन राहतो.

वहीत मी नुसता शब्द कधीच लिहिला नाही. पूर्ण वाक्य, ते कोण कुणाला म्हणतंय, आणि खाली माझं स्वतःचं एक वाक्य, आपल्या आजच्या आयुष्यातलं. दिवसाला पाचपेक्षा जास्त शब्द नाहीत. आठ महिन्यांत चारशेच्या आसपास झाले, त्यातले निम्मे आज बोलताना सहज येतात. कमी वाटत असतील पण हे निम्मे माझे आहेत.

सगळ्यात मोठी उडी मात्र नाटकांमुळे बसली. आमच्या गावात जत्रेला अजून मराठी नाटक होतं, गावातलेच लोक, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि माणसं थंडीत चादर गुंडाळून शेवटपर्यंत बसतात. माझा मामा तीस वर्षं त्यात काम करतोय, धंद्याने इलेक्ट्रिशियन, शिक्षण दहावीपर्यंत, पण त्याच्या तोंडी जे मराठी आहे ते आमच्या डेस्कवर कुणाकडे नव्हतं. मी गडकऱ्यांचं 'एकच प्याला' वाचताना अडले (गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक त्यानंतर रंगमंचावर आलं) आणि पुस्तक घेऊन त्याच्याकडे गेले. अर्थ विचारला तर म्हणाला, "पयलीं मोट्यान वाच गो, अर्थ मागीर." (आधी मोठ्याने वाच, अर्थ नंतर.) मी वाचायला लागले. तो म्हणाला श्वास चुकतोय, इथे नाही, पुढच्या शब्दाशी घे. परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना नाटकातल्या सुधाकरचं लांबलचक वाक्य मला आपोआप उलगडलं, कुठला शब्द कुठल्या शब्दाला धरून आहे ते जिभेला कळलं आणि मग डोक्याला. त्या रात्री आम्ही तिघांनी सव्वा तास वाचलं, मामी नाटकातला तळीराम झाली होती. तेव्हापासून कठीण मजकूर मी मोठ्यानेच वाचते, ऑफिसातला असला तरी, बाहेर व्हरांड्यात जाऊन.

आता ज्ञानेश्वरीकडे परत. पसायदान आम्ही शाळेत रोज म्हणायचो. 'जे खळांची व्यंकटी सांडो'. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, एवढं कोशात मिळतं. पण सांडो? आजच्या मराठीत दूध सांडतं, पाणी सांडतं. कोंकणीत मात्र पाकीट सांडतं, वाटेत कुठेतरी पडून हरवतं. आणि ज्ञानदेवांचा अर्थ याच्या अगदी शेजारचा आहे, दुष्टांचा वाकडेपणा गळून पडो, माणूस राहो. हे लक्षात आलं त्या दिवशी मी बसमधून उतरायची जागा चुकले, इतकं आतून हललं. १२९० मधला शब्द माझी आई रोज बोलते आणि मी तो पुण्या-मुंबईच्या मराठीतून समजून घ्यायला बघत होते!

मग शोधायचा नादच लागला. उदक घ्या. प्रमाण मराठीत आज ते पूजेत, नाहीतर 'हक्कावर उदक सोडलं' अशा वाक्प्रचारात उरलंय, आमच्याकडे ते बांयत (विहिरीत) आहे, ग्लासात आहे. आइकणे (ऐकणे), निदणे (झोपणे), रिगणे (शिरणे), सांगात (सोबत), जुन्या मराठीतले हे शब्द वाचताना इतरांना तळटीप लागते, आपल्याला आयकप, निदप, रिगप, सांगात माहीत असतं. त्यामुळे ज्या गोवेकर मुलांना वाटतं की कोंकणीमुळे आमचं मराठी कच्चं राहिलं, त्यांना मी मनापासून सांगते की आठशे-सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीसाठी कोंकणीइतकी चांगली चावी दुसरी नाही. (चावी हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला, पगार, बादली, बिजागरी, लिलाव यांच्यासारखा, आणि आज सगळ्या महाराष्ट्राचा आहे.)

पण सांभाळायचं कुठे तेही सांगते. कोंकणीत कुणी 'अंतरलो' म्हटलं की तो माणूस गेला. मराठीत 'तो आईला अंतरला' म्हणजे आईपासून दुरावला किंवा त्याने आई कायमची गमावली, गेलेला तो नव्हे. मी एका श्रद्धांजलीच्या मजकुरात हा घोळ घातला होता, छापायच्या आधी पकडला गेला म्हणून बरं. मृत्यूच्याच शब्दांवर मी मग एक पूर्ण पान केलं: पंचनाम्यात मयत, बातमीत निधन, घरात वारले किंवा नुसतं गेले, पत्रात देवाज्ञा झाली, जुन्या लेखात निवर्तले, कालवश झाले. अर्थ एकच, पण एकाच्या जागी दुसरा ठेवून बघा, लगेच खटकतं. हे खटकणं म्हणजेच शब्द आपला झाला असं मी समजते. म्हणून जुने शब्द शिकलात की लगेच सगळे बातमीत, रिपोर्टात कोंबू नका, बरेचसे फक्त ओळखीसाठी असतात.

गोव्यातल्यांनी एक ग्रंथ मात्र चुकवू नये, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण. हा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, इथेच राहिला, आणि १६१६ मध्ये त्याचा हा ११,००० च्या आसपास ओव्यांचा मराठी ग्रंथ सासष्टीत रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत. आता देवनागरीत वाचायला मिळतो. मराठीची स्तुती करताना तो तिला 'चोखळा' म्हणतो. मी त्या एका शब्दापाशी दोन दिवस होते. चोख हिशोब, मार्ग चोखाळणं, चोखंदळ वाचक, सगळे एकाच घरातले, मुळात स्वच्छ, निवडलेलं. एक जुना शब्द नीट धरला की तीन-चार आजचे शब्द असे आपोआप उजळतात. परक्या देशातून येऊन ज्याने ही भाषा एवढी मिळवली त्याला वाचताना मला तरी कंटाळा करायची हिंमत झाली नाही.

किती वेळ लागतो, हे सगळे विचारतात. मला डेस्कवर सर कमी खाडाखोड करायला लागले ते दहाव्या महिन्यात. युनिव्हर्सिटीच्या पेपरांसाठी वाचणाऱ्यांनी एका वर्षात तीन-चार पुस्तकंच घ्यावीत, पण ती दोनदा वाचावीत, दुसऱ्या वाचनात शब्द पकडले जातात, पहिल्यात गोष्ट. गोव्यात सरकारी नोकरीच्या जाहिराती बघितल्या तर कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम असं बऱ्याचदा असतं, तेव्हा दोन्ही सांभाळाच.

मी सध्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात आहे, रोज दहा ओव्या, मोठ्याने. परवा संध्याकाळी बाहेर बाल्कांवावर (दारापुढच्या ओट्यावर) बसून वाचताना 'रिगे' आलं आणि मी पेन्सिल उचलली, तेवढ्यात आतून आई ओरडली, "माजर रांदचेकुडींत रिगलें गो, धांव!" (मांजर स्वयंपाकघरात शिरलं, धाव!) पेन्सिल खाली ठेवली आणि आधी मांजर हाकललं.