कोर्टाचं इंग्रजी: क्रियापदासकट लिहून ठेवा

कोर्टाबद्दल इंग्रजीत लिहिताना नाम आठवतं, क्रियापद अडतं. मग सगळीकडे 'गिव्ह' बसतं. वहीत तीन रकाने आखा, कोण काय करतं त्यानुसार:

१. पक्षकार: फाइल अ पिटिशन, सीक बेल.
२. पोलीस: रजिस्टर ॲन एफआयआर.
३. कोर्ट: ग्रँट बेल, पास ॲन ऑर्डर, अ‍ॅडजर्न द हिअरिंग, प्रोनाउन्स द जजमेंट. हाच रकाना सर्वांत लांब होतो, जागा जास्त सोडा. स्टे (स्थगिती) 'ग्रँट' होतो, उठवला की 'व्हेकेट' होतो. अशा विरुद्ध जोड्या शेजारी लिहिल्या तर पटकन बसतात.

इंग्रजी पेपरातली कोर्टाची बातमी वाचताना भर घालत जा.

एक जपा: चार्जशीट (आरोपपत्र) पोलीस 'फाइल' करतात, चार्जेस (आरोप) मात्र कोर्ट 'फ्रेम' म्हणजे निश्चित करतं. बातमीत ही अदलाबदल झाली तर खटल्याचा टप्पाच चुकीचा कळतो.