कडब्यासाठी ज्वारीचे बी निवडायचे ते उभ्या पिकातच

ज्वारीचे बी आपण बहुतेकदा खळ्यावर निवडतो. टपोऱ्या दाण्यांची कणसे बाजूला काढली की झाले. भाकरीपुरते ते ठीक आहे, पण तोवर धाटे पेंढ्यांत बांधून झालेली असतात आणि कोणते कणीस कोणत्या ताटाचे, हे कुणालाच सांगता येत नाही. दुष्काळातही चांगला कडबा देणारे बी हवे असेल, तर निवड उभ्या पिकात करावी लागते. रब्बीची मालदांडी ३५-१ ही जात मोहोळला स्थानिक मालदांडीतून अशाच निवडीने तयार झाली.

सुरुवात गावरान बियाण्यापासून करा. त्यात ताटाताटांत फरक असतो. विकतच्या शुद्ध वाणात निवडण्यासारखे फारसे नसते. पेरणी नेहमीच्या वेळी, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान, कोरडवाहू रानात करा. पाणी देऊ नका. फुलोऱ्यानंतर ओल सरते आणि तिथेच ताटाची खरी परीक्षा होते.

रानाचे दहा-बारा चौकोन पाडा आणि प्रत्येकातून दहाच ताटे घ्या. असे केले नाही तर सगळी निवड बांधाकडेच्या, ओलीच्या नाहीतर शेणखत जास्त पडलेल्या जागेतून होते. तिथले ताट जागेमुळे जोमदार असते, त्याच्या बियात तो जोम उतरत नाही.

पीक निसवले की निवडलेल्या कणसांवर फुलोऱ्याआधी कागदी पिशवी चढवा आणि ताटाला तारखेची चिठ्ठी बांधा. ज्वारीत बहुतांशी स्वपरागीभवन होते, तरी शेजारच्या ताटाचे पराग थोडेफार येतातच. फुलोरा शेंड्याकडून खाली उतरतो. तो बुडापर्यंत संपला की पिशवी काढा.

यानंतरची पाहणी सर्वांत महत्त्वाची, तिला घाई करू नका. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला. त्या दिवशी ताटावर किती पाने हिरवी आहेत ते मोजा. फुलोऱ्यानंतर ताण पडूनही पाने हिरवी राखणारे ताट आपल्याला हवे आहे. इथे दोन ठिकाणी फसगत होते. कणीस पोचट असले तरी ताट हिरवे राहते, कारण दाणा पानांतले अन्न ओढत नाही. उशिरा फुललेले ताटही हिरवेच दिसते. म्हणून कणीस भरलेले आहे ना ते पाहा आणि एकाच आठवड्यात फुललेल्या ताटांचीच आपसात तुलना करा.

मग पानाची मधली शीर पाहा. ती पांढरीशुभ्र असेल तर धाट बहुधा कोरडे, भेंडाळ निघते; मळकट हिरवी असेल तर रसदार. तपकिरी शिरेचे ताट क्वचित दिसते. त्यात लिग्निन, म्हणजे धाट कडक करणारा न पचणारा घटक, कमी असल्याने वैरण जास्त पचते, पण असे ताट कधी कधी लोळते, तेव्हा ते उभे राहिले का ते तपासा. शेवटी बुडाचे कांडे दाबा. पोकळ लागले तर खडखड्या रोग असू शकतो. ते ताट सोडून द्या.

निवडलेले प्रत्येक ताट वेगळे कापा, धाट वाळवून तोला आणि कणसाचे बी वेगळ्या पुडीत ठेवा. निम्मे बी राखून ठेवा, पुढचे वर्ष पूर्ण बुडाले तरी काम वाया जात नाही. दुसऱ्या वर्षी एका कणसाची एक ओळ पेरा आणि दर दहा ओळींनंतर मूळ बियाण्याची एक ओळ घ्या. तिच्याहून जी ओळ हिरव्या पानांत, धाटाच्या वजनात आणि दाण्यातही सरस ठरेल तीच पुढे न्या. असे तीन-चार हंगाम तरी करावे लागते. एका बऱ्या पावसाच्या वर्षावर भरवसा ठेवू नका.

तिसऱ्या वर्षापासून जनावरांनाही विचारा. दोन ओळींच्या कडब्याची सारख्या वजनाची कुट्टी दोन टोपल्यांत टाका, दुसऱ्या दिवशी टोपल्यांची जागा बदला आणि उरलेले बुडखे रोज तोला. ही चाचणी वाळलेल्या कडब्यावरच घ्या. ताणात सापडलेल्या कोवळ्या ज्वारीत आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत धुरिन नावाचे द्रव्य जास्त असते. जनावराच्या पोटात त्यापासून सायनाइड तयार होते आणि थोड्या वेळात जनावर दगावू शकते.