चेरी श्रिम्प मरतात का, वाढत का नाहीत? कमी खर्चात पैदास करताना या चुका टाळा

चेरी श्रिम्प म्हणजे शोभेच्या टँकमध्ये पाळायची गोड्या पाण्यातली इवलीशी कोळंबी. हे श्रिम्प मरायला लागले की माणूस आधी औषध शोधतो. दुकानातून निळ्या-हिरव्या रंगाची एक बाटली येते आणि दुसऱ्या दिवशी उरलेसुरले श्रिम्पही आडवे होतात. माशांच्या कितीतरी औषधांत तांबं असतं, आणि तांबं या जिवांना अगदी थोडंही सोसत नाही. खरं तर घरच्या टँकमधले श्रिम्प रोगाने क्वचितच मरतात. बहुतेक जातात ते पाण्यात एकाएकी झालेल्या बदलाने, नाहीतर घरातूनच आत शिरलेल्या विषाने. म्हणून बाटली उघडण्याआधी स्वतःला विचारा: गेल्या तीन-चार दिवसांत टँकमध्ये किंवा त्या खोलीत काय बदललं? खालच्या बहुतेक चुका या एका प्रश्नाच्या पोटातल्या आहेत.

चुकीच्या श्रिम्पने सुरुवात

बजेट कमी असेल तर रेड चेरी घ्या, दुसरा विचार करू नका. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी, मूळचा तैवान-चीनकडचा. पीएच साडेसहा ते आठ, तापमान १८ ते २८ अंश, एवढ्या पट्ट्यात तो जुळवून घेतो. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच आईबापांच्या बारीक प्रतीसारखी, त्यामुळे अळ्या जगवायची भानगड नाही. क्रिस्टल रेड देखणा असतो, पण त्याला आम्लधर्मी मऊ पाणी, खास माती आणि थंडावा लागतो. नाशिकच्या एप्रिलमध्ये हा हट्ट महागात पडतो. अमानो श्रिम्प शेवाळ छान खातो, मात्र त्याच्या अळ्यांना निमखारं पाणी लागतं. गोड्या पाण्याच्या टबात मादी अंडी धरेल, पिल्लू एकही हाती लागणार नाही. आणि 'घोस्ट श्रिम्प' म्हणून स्वस्तात मिळणारी पारदर्शक कोळंबी कधीकधी थेट नदीतून आलेली असते. ती मोठी झाली, तिला लांब नांग्या फुटल्या, की टँकमधल्या बाकीच्यांची काही खैर नसते.

आणताना मोठे लालभडक चार घेण्यापेक्षा लहान दहा-पंधरा घ्या. या प्राण्याचं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं, फार तर दोन. मोठी मादी म्हणजे अर्धं आयुष्य दुकानदाराकडे काढून आलेली. लहान दहा-पंधरांत नर-माद्या दोन्ही निघतात आणि नव्या पाण्यालाही ते लवकर रुळतात.

टँक दिसायला तयार, आतून कोरा

काचेचा टँकच हवा असं काही नाही. ४० लिटरचा प्लॅस्टिकचा टब किंवा जाड थर्माकोलचा खोका चालतो. उन्हाळ्याच्या दृष्टीने थर्माकोल उलट बराच. एअर पंप, स्पंज फिल्टर, मूठभर जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झुपकेदार रोप) आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनसारखा टीडीएस मीटर, हे सगळं साधारण हजार-दीड हजारात बसतं. शोभेचा छोटा गोल बाऊल मात्र नको. पाणी जितकं कमी तितके त्यातले बदल झटपट, आणि झटपट बदलच तर टाळायचे आहेत.

घाई इथेच होते. पाणी भरलं, फिल्टर लावला, रविवारी श्रिम्प सोडले, गुरुवारी मेले. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यापासून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. ओळखीत कुणाचा जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज आपल्या पाण्यात पिळून घ्या, हे काम लवकर उरकतं. काचेवर, पानांवर बुळबुळीत थर आला, हिरवट झाक दिसू लागली की ती पुसू नका. नवजात पिल्लांचं तेच अन्न. स्वच्छतेची फार आवड असलेल्या घरात पिल्लं जगत नाहीत ती यामुळेच.

पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर नळीत वीस-तीस रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवाच. वीज गेली की पाणी नळीतून उलटं येतं. पंप जातो आणि फरशीवर तळं होतं.

पाणी: नळाचं, बोअरचं की आरओचं?

नाशकात सर्वाधिक गोंधळ इथे होतो. महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, शुद्ध करून क्लोरीन घातलेलं. ते बादलीत २४ तास उघडं ठेवा किंवा त्यात एअरस्टोन सोडा. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. पावसाळ्यात धरणात गढूळ पाणी येतं, तेव्हा तुरटी आणि क्लोरीन दोन्हींचं प्रमाण वाढू शकतं. जुलैमध्ये 'नेहमीसारखंच पाणी बदललं तरी मेले' असं होतं, त्यामागे अनेकदा हेच असतं.

बोअरचं पाणी बसाल्टच्या खडकातून येतं आणि बऱ्याच सोसायट्यांत ते चांगलंच जड असतं. याच्या उलट चूक आरओवाल्यांची. आरओचं पाणी शुद्ध म्हणून तेच टँकभर ओततात. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास उरलेलंच नसतं, आणि श्रिम्पला दर काही आठवड्यांनी कात टाकून नवं कवच बांधायचं असतं. खनिजं कुठून आणणार? दोन्ही पाणी मिसळा. बोअरचा टीडीएस ६०० आणि आरओचा ४० असेल तर एक भाग बोअरला दोन भाग आरओ, म्हणजे २२५ च्या आसपास. चेरीला १५० ते ३०० च्या दरम्यान काहीही चालतं, फक्त तो आकडा स्थिर हवा.

टीडीएसचा आकडा मात्र अर्धंच सांगतो. पाण्यात काय विरघळलंय हे तो सांगत नाही. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवला असेल तर तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो. मीटरवर २५० दिसतं आणि कवचासाठी हाती काहीच नसतं. अशा ठिकाणी एकदा तरी जीएच किटने (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा मोजणारं किट) तपासून घ्या, ६ ते ८ आलं की झालं. कमी आलं तर समुद्रफेनाचा तुकडा टँकमध्ये ठेवा. पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तेच, पक्ष्यांच्या खाद्याच्या किंवा काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्तात मिळतं.

मेलेल्या श्रिम्पच्या मानेमागे पांढरं कडं दिसलं तर समजा, कात टाकताना अडकला. कवच तिथे एका बाजूने चिरून तो बाहेर निसटतो; चीर पूर्ण गोल फिरली की बाहेर पडायला जोरच लावता येत नाही. कारणं दोन: खनिजांची कमतरता, किंवा एकदम अर्धा टँक पाणी बदलल्याने अवेळी टाकलेली कात. पाणी आठवड्या-दोन आठवड्यांनी १० ते १५ टक्केच बदला, तेही त्याच तापमानाचं आणि सावकाश. मेडिकलमध्ये मिळणारी सलाईनची नळी यासाठी फार उपयोगी. तिच्या चाकाने सेकंदाला एक-दोन थेंब लावून ठेवा आणि आपल्या कामाला लागा. नवे श्रिम्प आणल्यावरही पिशवीतलं पाणी असंच तास-दोन तासांत बदलायचं.

टँकमध्ये पारदर्शक, पोकळ श्रिम्प पडलेला दिसला तर घाबरू नका, ती कात आहे. ती काढूही नका, श्रिम्प स्वतःच ती खातात. मेलेला गुलाबी-नारिंगी दिसतो. तो मात्र लगेच काढा.

घरातलं विष

पाणी उत्तम, टँक जुना, आणि तरीही रात्रीत वीसच्या वीस मेले? मग टँककडे बघणं थांबवा, खोलीकडे बघा. डास पळवणाऱ्या कॉइल आणि लिक्विड मशीनमध्ये पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक असतं. ते किड्यांसाठी बनवलंय, आणि श्रिम्प किड्यांचा जवळचा नातलग. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे त्या धुराचा नळ थेट टँकमध्ये. मशीन दुसऱ्या खोलीत न्या. झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध, हातावरचं डासांचं क्रीम, सगळं त्याच यादीत.

पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूर फवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, पंप तासाभरासाठी बंद करा आणि टबावर ओलं कापड टाका. टब बाल्कनीत किंवा अंगणात असेल तर आणखी एक गोष्ट. साठवलेल्या पाण्यात अळीनाशक टाकायला आरोग्य कर्मचारी येतात. ते त्यांचं काम चोख करतात आणि तुमचे श्रिम्प जातात. टबावर बारीक मच्छरदाणी घट्ट बांधा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे अळ्याही होणार नाहीत आणि औषधही पडणार नाही. गप्पी मासे सोडायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. नवजात पिल्लू गप्पीला एका घासाचं.

मग तांबं. आपल्याकडे पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवायची पद्धत आहे. माणसाला ते मानवतं, पण त्या हंड्यातलं रात्रभराचं पाणी टँकमध्ये ओतू नका. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे घर असेल तर जास्त जपा. द्राक्षबागेवर मारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, म्हणजे तांबंच. फवारणीची बादली, नळी, मग, यांतलं काहीही टँकच्या कामाला वापरायचं नाही, कितीही धुतलेलं असो. बागेला लागून उघड्यावर टब ठेवायचा नाही.

पालक खायला घालताय? बाजारातल्या पालेभाजीवर फवारणीचे अंश असू शकतात. घरच्या कुंडीतला पालक, शेवग्याचा पाला किंवा तुतीची पानं दोन मिनिटं उकळून द्या. रस्त्याकडेच्या देशी बदामाची आपसूक गळलेली तपकिरी पानं तर फुकटचं सोनं. धुऊन, भिजवून टाका. पानावर जो थर चढतो तो पिल्लं दिवसभर चरतात. हिरवी पानं तोडून टाकू नका.

नव्या पाणवनस्पतीही आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला. शेतातून किंवा नर्सरीतून आलेल्या रोपावर कीटकनाशक असतं, आणि कधी चतुराची किंवा टाचणीची अळी. तळाशी दबा धरून बसलेली ही अळी रोज पिल्लं उचलते आणि आपण महिनाभर पीएच मोजत बसतो.

एप्रिल-मे

नाशिकची हवा थंड, ही ख्याती उन्हाळ्यात कामाला येत नाही. पारा चाळिशीला टेकतो, आणि टेरेसच्या स्लॅबखालच्या खोलीत पाणी ३० अंशांच्या वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, वर माद्या अंडी गाळतात. उपाय स्वस्त आहे: पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा छोटा पंखा, झाकणाऐवजी जाळी, टबाभोवती ओलं गोणपाट. एवढ्यावर दोन-चार अंश उतरतात. बर्फाची बाटली टाकू नका. तासात पाच अंश खाली आणि पुन्हा पाच वर, हे त्या उकाड्यापेक्षा वाईट.

पंख्याने पाणी उडतं, क्षार मागे राहतात. उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घातली तर मेअखेर टीडीएस चारशेच्या पुढे. ही भर आरओच्या पाण्याने घाला.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली आला तरी घरातला टब बहुधा सोसतो. पैदास तेवढी मंदावते, ती मंदावू द्या. हीटर घेण्याइतकं काही अडलेलं नसतं.

सगळे जिवंत, पण पिल्लं नाहीत

तीन महिने थांबलात का? पिल्लाला वयात यायला दोन-तीन महिने लागतात. मादीच्या पाठीवर पिवळसर डाग दिसला, ज्याला सॅडल म्हणतात, की अंडी तयार होताहेत. तिने कात टाकली की नर वेड्यासारखे टँकभर पोहतात. तो आजार नव्हे. मग पोटाखाली २० ते ३० अंडी दिसतात आणि साधारण महिन्याने पिल्लं सुटतात. पहिलटकरीण मादी बऱ्याचदा अंडी गाळते. तिला वेगळ्या डब्यात काढणं ही हौशी चूक आहे, त्या धावपळीतच ती अंडी टाकते. आहे तिथे राहू द्या.

अंडी होती आणि पिल्लं दिसत नाहीत, तर रात्री टॉर्च घेऊन मॉसमध्ये बघा. दोन मिलीमीटरचं पारदर्शक पिल्लू दिवसा दिसत नाही. खरंच नसतील तर तीन संशयित: मासे, हँग-ऑन म्हणजे टँकच्या कडेला लटकवायच्या फिल्टरचं पाणी ओढणारं उघडं तोंड आणि आधी सांगितलेली चतुराची अळी. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावला की एक सुटला.

खाद्य दोन-तीन दिवसांतून एकदा, दोन तासांत संपेल एवढंच. उरलं तर काढायचं. काचेवर बारीक पांढरे, बाणासारख्या डोक्याचे चपटे किडे सरपटताना दिसले, तर ते प्लॅनेरिया. जास्त खाद्याची ती पावती. त्यांना मारायच्या औषधाआधी दहा दिवस खाद्य निम्म्यावर आणून बघा.

लाल, पिवळे, निळे चेरी एका टबात ठेवू नका. ते आपसांत जुळतात आणि दोन-तीन पिढ्यांत मूळचे तपकिरी रंगाचे निघतात, ज्यांना दुकानदार हात लावत नाही. एका रंगात राहिलात तर फिकट श्रिम्प दुसऱ्या टबात काढत जा, गडद माद्या ठेवा. दुकानात देताना रोख मागण्यापेक्षा बदल्यात खाद्य किंवा मॉस घेतलेलं बहुधा जास्त परवडतं. आणि मे महिन्यात कुरिअरने कुणाला पाठवायची वेळ आली तर जूनपर्यंत थांबायला सांगा.